आगाडी-पिछाडी : तळावरल्या घोड्याची कुळकथा

सैन्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा सूर्यास्ताबरोबर थांबते. घोडदळाने एका दिवसात किती कोस मजल मारली, ते कोणत्या घाटाने उतरले, कोणत्या नदीला त्याला उतार सापडला आणि कोणाच्या तुकडीने प्रथम भाला चालवला, याचे वर्णन बखरींत, तवारिखांत आणि परदेशी प्रवाशांच्या रोजनिशांत विपुल सापडते. परंतु मजल संपल्यानंतर, जेथे भिंत नाही, छप्पर नाही, आडोशाला बाभळीच्या काट्यांचे कुंपणही नाही, अशा उघड्या माळावर तीच हजारो जनावरे पहाटेपर्यंत एकमेकांना इजा न करता, तळ न मोडता आणि पुरती विश्रांती घेऊन कशी उभी राहिली, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. माझ्या मते घोडदळाच्या सामर्थ्याचे निम्मे रहस्य या प्रश्नाच्या उत्तरात आहे. कारण रात्री ज्याचा घोडा सुटला तो राऊत सकाळी पायउतार होऊन पायदळाचा शिपाई बनलेला असे, आणि ज्याचा घोडा रात्रभर दोराशी झगडला त्याची दुसऱ्या दिवशीची दौड अर्ध्या वाटेतच सरे. आपल्याकडे या प्रश्नाला जे उत्तर शोधले गेले ते काही दोर आणि तितक्याच मेखा यांचे आहे, आणि त्याचे नाव आगाडी-पिछाडी.

या दोरांची योग्यता कळावयाची तर प्रथम घोड्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. हा मूळचा मोकळ्या गवताळ प्रदेशातला, कळपाने राहणारा आणि प्रत्येक संकटाला पळून उत्तर देणारा प्राणी आहे. शिंगे नसल्यामुळे आणि पोट सतत भरत राहावे लागत असल्यामुळे लपून बसणे किंवा ठाण मांडून लढणे त्याला परवडत नाही. उभ्या उभ्या डुलकी घेता यावी अशी सोय निसर्गाने त्याच्या पायांच्या स्नायुबंधांत करून ठेवली आहे खरी, परंतु ज्या गाढ निद्रेत शरीराचे सर्व स्नायू शिथिल होतात ती निद्रा त्याला आडवे झाल्यावाचून लाभत नाही. दिवसाकाठी अर्ध्यापाऊण तासाची ही निद्रा त्याला पुरते, पण तेवढी मिळाली पाहिजे, आणि सोबतीचे दुसरे जनावर जागे आहे अशी खात्री पटल्यावाचून तो सहसा जमिनीवर अंग टाकीत नाही. म्हणजे त्याला बांधणारा दोर इतका आखूड असला पाहिजे की त्यात पाय अडकू नये, आणि इतका लांब असला पाहिजे की घोड्याला निजता यावे. याखेरीज त्याची भीती सांसर्गिक असते. एका घोड्याने अंधारात नाकपुड्या फुलवून मान उंच केली की शेजारचे दहा घोडे कारण न विचारता तेच करतात, आणि त्यांतला एक जरी उधळला तरी सारी दावण उखडून निघते.

या स्वभावाच्या प्राण्याला रात्रभर धरून ठेवण्याचे मार्ग जगात फारसे नाहीत. त्याच्याभोवती कुंपण घालावे, त्याचे डोके बांधावे, किंवा त्याचे पाय बांधावेत. कझाकस्तानच्या उत्तरेस बोताई संस्कृतीच्या वस्त्यांत, इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास, खांब रोवून केलेल्या कुंपणांच्या खुणा पुराणवस्तुसंशोधकांना सापडल्या असून आतल्या मातीच्या रासायनिक परीक्षेवरून तेथे जनावरे कोंडली जात असावीत असे अनुमान त्यांनी काढले आहे. परंतु कुंपण हे स्थायिक माणसाचे साधन आहे. जो आज येथे आणि उद्या दहा कोसांवर मुक्काम करणार, त्याला आपले कुंपण खोगिरावर लादून नेता येत नाही. त्याच्या वाट्याला दोर आणि मेखच येते.

आपल्या वाङ्मयात या दोरामेखांचा उल्लेख किती प्राचीन आहे हे पाहून मन थक्क होते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२ वे सूक्त, जे दीर्घतमस् ऋषीच्या नावावर आहे, अश्वमेधाच्या घोड्याचे वर्णन करताना त्याच्या साजसरंजामाची बारकाईने गणना करते, आणि त्या गणनेत दाम आणि संदान हे बांधण्याचे दोर, मस्तकावरची रशना आणि पायांत घालावयाचे पड्बीश, ही सर्व साधने आली आहेत. यज्ञाच्या घोड्याबरोबर त्याची ही बंधनेही देवलोकी जावीत अशी कवीची भावना आहे. याहून सजीव चित्र उपनिषदांत आहे. इंद्रियांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद लागला असता एकेक इंद्रिय शरीर सोडून जाते आणि शरीर तरीही जगते. शेवटी प्राण निघू लागतो तेव्हा, सिंधुदेशीचा उमदा घोडा पायबंदांच्या मेखा जमिनीतून उपटून काढतो तसा, तो बाकीच्या सर्व इंद्रियांना आपल्याबरोबर उखडू लागतो, असा दृष्टांत बृहदारण्यकात आणि थोड्या फरकाने छांदोग्यातही दिला आहे. हा दृष्टांत देणाऱ्या ऋषीने उखडलेली दावण प्रत्यक्ष पाहिली असली पाहिजे. मेखा एकामागून एक कशा निघतात, एका घोड्याच्या झटक्याने किती माती उसळते, आणि त्या क्षणी आजूबाजूच्या माणसांच्या काळजाचे काय होते, हे ज्याने पाहिले नाही त्याला प्राणोत्क्रमणाचे वर्णन करताना ही उपमा सुचणार नाही. म्हणजे जमिनीत मेख, मेखेला दोर आणि दोरात घोड्याचा पाय, ही रचना उपनिषत्काली श्रोत्यांना समजावून सांगावी लागत नव्हती, इतकी ती परिचित होती.

पश्चिमेकडे इराणी फौजांतही हीच रीत होती, आणि तिची साक्ष त्यांच्या शत्रूने दिली आहे. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक मेसोपोटेमियातून माघार घेत असता त्यांच्याबरोबर असलेल्या झेनोफोनने आपल्या ग्रंथात असे नमूद करून ठेवले आहे, की इराणी सैन्य रात्री अगदी निरुपयोगी असते, कारण त्यांचे घोडे बांधलेले असतात आणि सुटले तरी पळू नयेत म्हणून बहुतेकांच्या पायांतही बंद घातलेले असतात; अशा स्थितीत हल्ला झाला तर अंधारात आणि गोंधळात खोगीर घालणे, लगाम चढवणे, अंगावर चिलखत घालणे आणि स्वार होणे ही सारी कामे एकदम करावी लागतात. म्हणूनच इराणी लोक संध्याकाळी ग्रीकांपासून किमान साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, दूर जाऊन तळ देत. झेनोफोन हा स्वतः उत्तम अश्वविद, घोड्याच्या शिक्षणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिलेला. त्यामुळे या निरीक्षणाला मी फार महत्त्व देतो. घोड्याला जितके घट्ट बांधावे तितका तो सुरक्षित, परंतु तितकाच तो निरुपयोगी, हा पेच त्याने अचूक पकडला, आणि पुढील दोन सहस्र वर्षे प्रत्येक घोडदळाला आपापल्या परीने त्यातून वाट काढावी लागली.

आता खुद्द आगाडी-पिछाडीकडे वळू. घोड्याच्या तोंडावर मोहरकी असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दोन दोर निघून पुढे, उजव्या-डाव्या अंगाला थोड्या अंतरावर ठोकलेल्या दोन मेखांना बांधले जातात, ही आगाडी. मागच्या दोन्ही पायांत, घोट्याच्या खाली आणि खुराच्या वर, नवारीचे किंवा मऊ चामड्याचे पट्टे घालून त्यांना जोडलेले दोर घोड्याच्या मागे काही हातांवरच्या मेखेला बांधले जातात, ही पिछाडी. डोके दोन बाजूंनी धरल्यामुळे घोडा आडवा फिरून शेजाऱ्याला चावू शकत नाही, आणि मागचे पाय धरल्यामुळे त्याला लाथ झाडता येत नाही किंवा पुढे झेपही घेता येत नाही. परंतु दोर योग्य सैल ठेवले असले तर तो खाली मान घालून वैरण खाऊ शकतो, पाय दुमडून बसू शकतो आणि कुशीवर निजूही शकतो. खच्ची न केलेले नर घोडे, जे आपल्याकडे मोठ्या संख्येने बाळगले जात, घोड्यांच्या दाट रांगेत एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे करावयाचे तर पिछाडीवाचून गत्यंतर नव्हते. केवळ मोहरकीने बांधलेले दोन नर शेजारी आले की रात्रभरात एकाचा तरी पाय मोडावयाचा.

या साध्या दिसणाऱ्या रचनेत चुकण्याच्या जागा अनेक आहेत, आणि त्या ज्याला ठाऊक तोच खरा मोतद्दार. आगाडी फार सैल राहिली की घोडा मान खाजवताना पुढचा पाय दोरापलीकडे टाकतो, आणि पाय अडकल्याचे कळताच भिऊन स्वतःला पाडून घेतो. पिछाडी फार ताणली की तो रात्रभर मागच्या पायांवर ओढ घेत उभा राहतो, सकाळी त्याची कंबर धरलेली असते. पट्टा ओला झाला किंवा त्यात वाळू शिरली की खुरावरची नाजूक कातडी सोलवटते, आणि ती जखम भरावयास लढाईतल्या जखमेहूनही अधिक दिवस लागतात. काळ्या भुईत पाऊस झाला म्हणजे लोण्यात बोट जावे तशी मेख सरकते. मुरमाड माळावर ती मोगरीचे शंभर घाव खाऊनही वीतभर जात नाही. आणि सर्वांत भयंकर प्रसंग म्हणजे मेख उखडून ती दोराच्या टोकाला तशीच लटकत राहणे. पळणाऱ्या घोड्याच्या मागे ती गरगर फिरत येते, त्याच्या पायांवर आपटते, तो अधिकच बिथरतो, आणि वाटेत निजलेल्या माणसांची डोकी फोडीत जातो. म्हणून जाणता मोतद्दार मेख सरळ न ठोकता दोराच्या ओढीच्या विरुद्ध दिशेला कलती ठोकतो, गाठ अशी मारतो की घोड्याने ओढल्यास ती सुटू नये पण माणसाने टोक ओढताच मोकळी व्हावी, आणि निजण्यापूर्वी प्रत्येक पट्ट्याखाली बोट घालून पाहतो.

दोरामागे अशी माणसे असावी लागतात हे राज्यव्यवहाराचा विचार करणाऱ्यांनी फार लवकर ओळखले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांच्या सेवकांची जी नामावळी आहे, तीत घोडा धरणारा, घोडा बांधणारा, गवत आणणारा, खाणे शिजवणारा, ठाण राखणारा, केस कापणारा आणि विषवैद्य असे वेगवेगळे सेवक सांगितले आहेत. घोडा बांधणे हे स्वतंत्र कसब मानले गेले होते, वाटेल त्या नोकराने वाटेल तेव्हा करावयाचे काम ते नव्हते, हे या नामावळीवरून उघड होते. पुढे मुसलमानी अमदानीत तबेला, पागा, नालबंद, पायबंद हे शब्द व त्यांच्याबरोबर त्या खात्यांची दप्तरे आपल्याकडे रूढ झाली, अकबराच्या दरबारी आख्तबेगीसारखा मोठा अंमलदार या खात्यावर नेमला गेला, आणि जुन्या बांधणीला नवी नावे मिळाली.

शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने लिहून ठेवली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असा नेम दिला आहे. पखालजी हा तळावरच्या घोड्यांचा आधार होता, कारण तहानेने व्याकुळ झालेले घोडे रात्री पाण्याच्या वासाने मेखा उपटतात. आठ महिने मुलूखगिरी करावी आणि पावसाळ्यात लष्कराने आपल्या देशी छावणीस यावे. तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच सिद्ध असाव्यात, असेही सभासद सांगतो. पावसाळ्यात घोडा उघड्यावर बांधणे म्हणजे त्याचे खूर कुजवणे होय, हे त्या व्यवस्थेमागील सूत्र.

परंतु या व्यवस्थेचे हृदय ज्याला पाहावयाचे आहे त्याने राज्याभिषेकाच्या आसपास चिपळूणच्या छावणीवरील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना गेलेले महाराजांचे पत्र वाचावे. त्या पत्राचा गौरव रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी सर्वत्र होतो आणि तो यथार्थच आहे. माझे मन मात्र त्यातील घोड्यांविषयीच्या वाक्यांपाशी नेहमी रेंगाळते. पावसाळ्याची बेगमी म्हणून साठवलेला दाणा व गवत आताच वाटेल तसे उधळलेत तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारलीत असे होईल, अशी त्यात स्पष्ट ताकीद आहे. त्यापुढे आगीची चिंता आहे: कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, आणि गवताला आग लागून सारे भस्म होईल. एका राज्याच्या संस्थापकाने उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार केला, कारण बांधलेल्या जनावराला आगीतून पळता येत नाही आणि वैरण जळालेल्या छावणीत ते पुढे जगतही नाही, हे त्यांना ठाऊक होते. दोराने घोड्याचे पाय बांधणाऱ्याने त्याच्या वतीने सर्व संकटांचा आधीच विचार करून ठेवावा लागतो. ही जबाबदारी त्या पत्रात जितक्या ठामपणे मांडली आहे तितकी मी दुसरीकडे कोठे पाहिलेली नाही.

झेनोफोनने दाखवलेल्या पेचातून मराठी स्वारांनी काढलेली वाट एल्फिन्स्टनने आपल्या हिंदुस्थानच्या इतिहासात वर्णिली आहे. मोहिमेवरचा मराठा स्वार जमिनीवरच निजे, भाला शेजारी रोवलेला असे आणि घोड्याचा लगाम त्याच्या हाताला बांधलेला असे, म्हणजे शत्रूची चाहूल लागताच त्याला तत्काळ स्वार होता येई. येथे मेखेची जागा माणसाच्या हाताने घेतली. अर्थात ही रीत सडे, चपळ आणि थोड्या संख्येने हिंडणाऱ्या तुकड्यांची. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतली भीमथडी तट्टे, काटक, अल्पाहारी आणि माणसाळलेली, तिला विशेष अनुकूल. मोठी फौज, बुणगे, तोफखाना आणि बाजार घेऊन निघाली की आगाडी-पिछाडीची लांबच लांब दावण पुन्हा आलीच, आणि तिच्याबरोबर वैरणीचा यक्षप्रश्नही आला. पानिपतावर खंदक खणून बसलेल्या भाऊसाहेबांच्या छावणीत १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेचा उरलासुरला मार्ग बंद झाला, आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे घोडे रणांगणावर उतरले ते कित्येक दिवसांच्या उपासाने खंगलेले होते. त्या घोड्यांना रात्री धरून ठेवण्यास दोरांची गरज राहिली नसेल, आणि हीच त्या छावणीची सर्वांत करुण गोष्ट आहे.

इंग्रजांनी हिंदुस्थानात घोडदळ उभे केले तेव्हा शिलेदारी पद्धतीबरोबरच आगाडी-पिछाडीही स्वीकारली. स्वतःचा घोडा व सरंजाम घेऊन चाकरीस येणारा शिलेदार पहिल्या महायुद्धानंतरपर्यंत त्यांच्या फौजेत टिकला, आणि त्याच्या सामानात हे दोर व मेखा असतच. त्याच इंग्रजांच्या घोडदळाने क्रिमियात, बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध हल्ल्यानंतर, १८५४-५५ चा हिवाळा उघड्या टेकाडावर, चिखलात, वैरणीवाचून काढला; भुकेने पिसाळलेल्या घोड्यांनी एकमेकांच्या शेपट्या व आयाळी खाल्ल्या आणि ती जनावरे बांधल्या जागीच मरून पडली. वैरण नसेल तर उत्तमातला उत्तम दोर हा केवळ मरणाची जागा ठरवून देतो.

इतर देशांच्या रीती थोडक्यात सांगितल्या पाहिजेत. मंगोल लोक पुढचे दोन व मागचा एक असे तीन पाय चामड्याच्या बंदाने एकत्र बांधून घोड्याला चरावयास सोडतात. तो लहान पावले टाकीत चरत राहतो, दूर जाऊ शकत नाही. याखेरीज दोन खांबांमध्ये माणसाच्या डोक्यावरून दोर ताणून त्याला घोडे बांधण्याचीही त्यांची चाल आहे. अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांतून पश्चिमेकडे जाणारे तांडे संध्याकाळी गाड्यांचे कडे करून जनावरे आत घेत. कॅप्टन मार्सी याने १८५९ मध्ये त्या वाटसरूंसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात जनावरे उधळण्याच्या संकटाचा आणि ती रात्री राखण्याचा विचार विस्ताराने केला आहे. आज तेथील डोंगरांत घोड्यांसह मुक्काम करणारे लोक दोन झाडांमध्ये घोड्याच्या डोक्याहून उंच दोर बांधतात, झाडाची साल सोलू नये म्हणून खोडाभोवती रुंद पट्टे घालतात, प्रत्येक घोड्याचा दोर जमिनीपर्यंत तोंड जेमतेम पोहोचेल एवढाच ठेवतात, आणि ओढ्यापासून दोनशे फूट दूर जागा निवडतात. बॅटरीवर चालणाऱ्या विजेच्या फितीचे हलके कुंपणही आता निघाले आहे. परंतु ते कुंपण घोडा मानतो तो केवळ सवयीने. घरच्या मैदानात ज्याला त्याची ओळख करून दिलेली नाही असा घोडा रानात पहिल्याच भीतीच्या झटक्यात ते तोडून निघतो.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोड्यांच्या बाजारात मात्र जुनी आगाडी-पिछाडी आजही जिवंत आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबी घोडे तेथे उघड्या पटांगणात ओळीने ठाणबंद उभे असतात, पुढे दोन दोर, मागे पायांत पट्टे. पशुवैद्य व प्राणिमित्र पिछाडीवर आक्षेप घेतात, आणि त्या आक्षेपात तथ्य आहे: दिवसचे दिवस त्याच बंधनात ठेवलेल्या घोड्याच्या पायांची कातडी झिजते, सांधे आखडतात, आणि मालक जत्रेच्या गर्दीत हिंडत असला तर सोडवावयास जवळ कोणी नसते. जेथे झाडे आहेत, घोडे थोडे आहेत आणि ते माद्या किंवा खच्ची केलेले आहेत, तेथे उंच दोराची रीत निःसंशय श्रेयस्कर असून आपल्याकडच्या सह्याद्रीतील घोडेस्वारीच्या मुक्कामांनी ती अंगीकारावी असे मला वाटते. परंतु झाड नसलेल्या माळावर, अनोळखी नरांच्या दाट रांगेत, पिछाडी काढून टाकणे म्हणजे त्यांना एकमेकांच्या लाथांच्या हवाली करणे होय. तेथे तिचा उपयोग करणाऱ्याने ती फक्त रात्रीपुरती ठेवावी, पट्टे रुंद व कोरडे असावेत, दिवसा घोड्याला चालवून आणावे, आणि दावणीच्या टोकाला घोडे ओळखणारा एक माणूस आळीपाळीने जागा ठेवावा.